वेलिंग्टनची पेढी आणि तिची पाच पौंडांची नोट

इंग्लंडमधील एका लहान गावातील खासगी बँक १९२१ पर्यंत स्वतःच्या नावाच्या नोटा काढत होती हे खरे आहे काय, खरे असल्यास सरकारने ते इतकी वर्षे चालू कसे दिले, आणि त्या नोटा आज संग्राहकांच्या दृष्टीससुद्धा का पडत नाहीत, असे तीन प्रश्न एका वाचकाने एकत्र विचारले आहेत. बँकेतील तीस वर्षांची नोकरी आणि जवळजवळ तितकीच वर्षे जुन्या कागदी चलनाचा नाद, एवढ्या शिदोरीवर उत्तर लिहितो आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे: खरे. बँकेचे नाव फॉक्स, फाउलर आणि कंपनी; गाव सॉमरसेट परगण्यातील वेलिंग्टन. वॉटर्लूच्या लढाईतील सेनापतीने आपल्या सरदारकीसाठी ज्या गावाचे नाव घेतले आणि त्याच्यामुळे पुढे न्यूझीलंडच्या राजधानीला जे नाव मिळाले, ते हेच गाव. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

फॉक्स घराणे मुळात लोकरीच्या कापडाचे. वेलिंग्टनच्या टोन नदीकाठी त्यांच्या गिरण्या होत्या आणि पश्चिम इंग्लंडच्या या टापूत विणले जाणारे सर्जचे लांब तागे ईस्ट इंडिया कंपनी विकत घेऊन चीनला पाठवीत असे. १७८७ मध्ये या घराण्याने कापडाला जोडधंदा म्हणून बँक काढली. गिरणीवाल्याने बँक काढावी हे आज विचित्र वाटते, पण त्या काळी त्यासारखी स्वाभाविक गोष्ट नव्हती. कापड विकले जाई लंडनला, म्हणून गिरणीवाल्याचे येणे लंडनमध्ये जमा होई. त्याला रोकड हवी असे गावात, लोकर विकत घ्यायला आणि मजुरी द्यायला. उलट गावातील जमीनदार, कर गोळा करणारा अंमलदार आणि दुकानदार यांच्याजवळ पैसा गावात असे आणि तो पोहोचवायचा असे लंडनला. दोन्ही गरजा एकाच माणसाच्या गल्ल्यावर भेटल्या की बँक तयार झालीच. आपल्याकडे पुण्याच्या सराफाने सुरतेवर हुंडी लिहून द्यावी आणि ज्याला सुरतेत पैसे हवेत त्याने ती घ्यावी, यात आणि त्यात तत्त्वतः काहीच फरक नाही. म्हणून या संस्थेला मी बँक म्हणण्यापेक्षा पेढी म्हणणेच पसंत करतो.

कायद्यानेही ती पेढीच होती. बँक ऑफ इंग्लंडची मक्तेदारी जपण्यासाठी १७०८ मध्ये पार्लमेंटने असा निर्बंध घातला होता की इंग्लंडात सहापेक्षा अधिक भागीदार असलेल्या कोणत्याही मंडळीने नोटा काढू नयेत. परिणाम असा झाला की लंडनबाहेर मोठी, भक्कम भांडवलाची बँक उभीच राहू शकली नाही. जे उभे राहिले ते बाप, मुलगे, जावई आणि एखादा शेजारी व्यापारी अशा चारसहा जणांचे दुकान. त्यांची जबाबदारी अमर्याद असे, म्हणजे पेढी बुडाली तर भागीदाराचे घर, शेत आणि अंगावरचा कोटसुद्धा सावकारांचा. १७५० च्या सुमारास लंडनबाहेर अशा पेढ्या जेमतेम डझनभर होत्या. १८१० पर्यंत त्यांची संख्या सातशेच्या घरात गेली.

ही वाढ होण्याचे मोठे कारण म्हणजे नाण्यांचा दुष्काळ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या टांकसाळीने चांदीची नाणी पाडणे जवळपास थांबवले होते. फॉक्स पेढी निघाली त्याच १७८७ साली शिलिंग (पौंडाचा विसावा भाग) आणि सहा पेन्सची काही नाणी पाडली गेली खरी, पण ती मुख्यतः बँक ऑफ इंग्लंडच्या गिऱ्हाइकांच्या हाती गेली, गावोगाव पोहोचली नाहीत. त्याच वर्षी वेल्समधील अँगल्सी बेटावरच्या तांब्याच्या खाणीने स्वतःचे पेनी पाडले आणि त्यांच्या कडेवर ते कोणकोणत्या गावी वटवून मिळतील ते कोरले. सरकार सुटे पैसे पुरवीत नाही, मग ज्याची पत आहे त्याने ते पुरवायचे, अशी ती व्यवस्था होती. खाणवाल्याने ते तांब्यात केले आणि गिरणीवाल्याने कागदावर.

आता नोट जवळून पाहू, कारण पुढची गोष्ट त्या कागदावरच अवलंबून आहे. माझ्या संग्रहात अशाच एका खेड्यातल्या पेढीची एक पौंडाची नोट आहे. वेलिंग्टनची नव्हे, ती मिळणे माझ्या कुवतीबाहेरचे आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, एकाच बाजूने. कागद पातळ, आठ पदरी घडीच्या रेषांवर झिजलेला. डावीकडे नागमोडी वेलबुट्टीचा उभा पट्टा आहे आणि त्या पट्ट्याच्या मधोमध कात्री चालवलेली आहे. उरलेला अर्धा भाग पेढीच्या वहीत राही आणि नोट परत आली की दोन्ही कडा जुळवून पाहत. क्रमांक, तारीख आणि सही शाईने हाताने लिहिलेली. ज्या कारकुनाने ती वहीत नोंदवली त्याचीही आद्याक्षरे कोपऱ्यात आहेत. मजकूर एकाच वाक्याचा: वाहकास मागणी करताच इतके पौंड देण्याचे वचन देतो, येथे अथवा लंडनमध्ये अमुक पेढीवर. आपल्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीवर जे वचन आजही छापलेले असते ते याच वाक्याचे वंशज आहे. फरक एवढाच की वेलिंग्टनच्या गल्ल्यावर ते वाक्य वाचून दाखवणाऱ्याला खरोखरच सोन्याची नाणी किंवा बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा मोजून द्याव्या लागत. ही दर्शनी हुंडीच होती, फक्त ठराविक रकमेची आणि हातोहात फिरणारी. ती घेण्याची सक्ती मात्र कोणावर नव्हती. दुकानदार ‘मला ही नको’ म्हणू शकत असे, आणि ओळखीचा मुलूख संपला की तो तसे म्हणतच असे.

पेढीला यात फायदा काय, हे बँकेत काम केलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. शंभर पौंडांचे कर्ज स्वतःच्या नोटांत दिले की कर्जावर व्याज सुरू होते आणि नोटा लोकांच्या खिशात असेपर्यंत त्यांच्यावर पेढीला छदामही द्यावा लागत नाही. शिवाय बँक ऑफ इंग्लंड परत आलेली नोट रद्द करीत असे, तर या पेढ्या तीच नोट पुन्हा गल्ल्यातून बाहेर देत. म्हणून त्यांचा कागद इतका मळलेला दिसतो. जोखीमही त्याच जागी होती. नोटा कधी परत येतील हे पेढीच्या हाती नसे. शेजारच्या गावची प्रतिस्पर्धी पेढी तुमच्या नोटा साठवून एकदम गल्ल्यावर आणून टाकू शकत असे. म्हणून शहाणा पेढीवाला थोडे सोने तिजोरीत, थोडी शिल्लक लंडनच्या अडत्याकडे आणि उरलेले चटकन विकता येतील अशा सरकारी रोख्यांत ठेवी. हे प्रमाण किती असावे याचा कायदा नव्हता. ते ठरवण्यातच पेढीवाल्याची हुशारी दिसे.

ही हुशारी दोनदा कसाला लागली. फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रेंच शिपायांची एक तुकडी वेल्सच्या किनाऱ्यावर उतरली, लोक सोने काढायला धावले आणि बँक ऑफ इंग्लंडलाच नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवावे लागले. ती बंदी पुढे १८२१ पर्यंत टिकली. सोने मिळेना म्हणून एक आणि दोन पौंडांच्या नोटांना परवानगी मिळाली आणि खेड्यापाड्यांतल्या पेढ्यांचा कागद अक्षरशः वाणसौद्यापर्यंत उतरला. दुसरा घाला डिसेंबर १८२५ चा. दक्षिण अमेरिकेतील खाणी आणि कर्जरोखे यांच्या सट्ट्याचा फुगा फुटला, लंडनमधील पोल, थॉर्नटन ही पेढी बसली आणि तीसचाळीस गावठी पेढ्या जिच्यावर विसंबून होत्या ती अडतच नाहीशी झाल्यामुळे त्यांचेही पाय लटपटले. काही आठवड्यांत साठाच्या वर बँकांचे दिवाळे वाजले. लोकांच्या रागाचा रोख छोट्या नोटांवर वळला, कारण मजुराच्या हाती तीच असे आणि बुडणाराही तोच असे. १८२६ च्या कायद्याने इंग्लंडात पाच पौंडांखालच्या नोटांना बंदी ठरली, ती १८२९ पासून पुरी अमलात आली. तेव्हापासून वेलिंग्टनची सगळ्यांत लहान नोट पाच पौंडांची. म्हणजे मजुराच्या नव्हे, शेतकऱ्याच्या आणि गुरांच्या व्यापाऱ्याच्या हातातली.

फॉक्स पेढी या दोन्ही तडाख्यांतून सुखरूप निघाली. तिच्यामागे चालती गिरणी होती हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. हे घराणे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, आणि त्या पंथात दिवाळे काढणे हा केवळ व्यवहारातला अपघात मानला जात नसे. देणी बुडवणाऱ्याला पंथाच्या सभेतून बाहेर काढले जाई. ज्याला देव, भाऊबंद आणि गिऱ्हाईक तिघांसमोर एकाच वेळी तोंड लपवावे लागणार आहे, तो माणूस नोटा जरा हात राखूनच काढतो. बार्कलेज आणि लॉइड्स या दोन्ही नावांची मुळे क्वेकर घराण्यांत आहेत, हा योगायोग मी मानीत नाही. अर्थात पंथ म्हणजे हमी नव्हे. नॉर्विचच्या गर्नी या क्वेकर घराण्याशी जोडलेली लंडनची ओव्हरेंड, गर्नी कंपनी १८६६ मध्ये बुडाली तेव्हा शहर हादरले होते.

आता दुसरा प्रश्न, सरकारने हे चालू कसे दिले. सरकारने ते चालू दिले नाही. फक्त मारूनही टाकले नाही. १८४४ च्या बँक सनद कायद्याने त्यांना वयोवृद्ध होऊन मरू दिले. त्या कायद्यामागे पंतप्रधान सर रॉबर्ट पील होते. नव्या कोणत्याही बँकेला नोटा काढता येणार नाहीत, हा पहिला नियम. जुन्या बँकांपुरते असे ठरले की २७ एप्रिल १८४४ ला संपणाऱ्या बारा आठवड्यांत ज्याच्या जितक्या नोटा सरासरीने बाहेर होत्या, तितकीच त्याची कायमची मर्यादा. तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये २०७ खासगी पेढ्या आणि ७२ भागभांडवली बँका नोटा काढीत होत्या. मासिक सरासरी मर्यादेच्या वर गेली तर जितके जास्त तितकाच दंड. दर आठवड्याचे आकडे मुद्रांक खात्याला कळवायचे आणि ते राजपत्रात छापले जायचे. खरी गोम शेवटच्या अटींत आहे: पेढीचे दिवाळे निघाले, तिने स्वतःहून नोटा बंद केल्या, किंवा दुसरीशी विलीन होऊन भागीदार सहाच्या वर गेले, तर हक्क गेला तो कायमचा; आणि गेलेल्या मर्यादेच्या दोनतृतीयांश इतक्या रकमेने बँक ऑफ इंग्लंड सोन्याऐवजी रोख्यांच्या आधारे काढायच्या आपल्या नोटा वाढवू शकेल. सरकारी कागदपत्रे आयुष्यभर वाचलेला माणूस म्हणून सांगतो, इतक्या थंड डोक्याने लिहिलेले कलम क्वचित वाचायला मिळते. कोणाचा हक्क हिरावला नाही, म्हणून भांडण नाही, आणि तरीही शेवट ठरलेला.

वेलिंग्टनच्या वाट्याला आलेली मर्यादा होती ६,५२८ पौंड. हा आकडा जरा मांडून पाहा. पाचाच्या नोटा धरल्या तर एका वेळी फार तर १,३०५ नोटा बाहेर. चार टक्के व्याज धरले तर सगळी मर्यादा वापरूनही वर्षाला २६१ पौंडांचा लाभ, त्यातून छपाई, मुद्रांक, वह्या आणि सह्या करणाऱ्यांचा वेळ वजा. पेढी मात्र पुढे वाढत गेली आणि तिच्या शाखा ५५ झाल्या. म्हणजे शाखेमागे नोटा निघाल्या जेमतेम चोवीस. हा धंदा नफ्यासाठी चालू नव्हता हे उघड आहे. माझ्या मते ती पेढीची पाटी होती: बाजारच्या दिवशी मेंढ्या विकून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या पाकिटात आपल्या गावचे नाव छापलेला कागद असावा, एवढ्यासाठी ती जपली गेली. वेल्समधील लँडव्हरी गावी १७९९ मध्ये डेव्हिड जोन्स या गुरे हाकणाऱ्या व्यापाऱ्याने काढलेल्या पेढीच्या नोटेवर काळा बैल छापलेला असे आणि लोक तिला काळ्या बैलाची बँक म्हणत. तिथेही भाव हाच. ती पेढी १९०९ मध्ये लॉइड्सने घेतली.

एकेक करून सगळ्या अशाच गेल्या. चेकची सवय वाढली, भागीदारांची पुढची पिढी दुसरीकडे वळली, लंडनच्या मोठ्या बँका चांगला भाव देऊ लागल्या. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारी खजिन्याने एक पौंडाच्या आणि दहा शिलिंगांच्या स्वतःच्या नोटा काढल्या, तेव्हा वेलिंग्टनच्या गल्ल्यावर खजिन्याचा नवा कागद आणि फॉक्स, फाउलरची जुनी पाचाची नोट शेजारीशेजारी ठेवलेली असणार. १९२१ मध्ये फॉक्स, फाउलर लॉइड्समध्ये विलीन झाली. विलीन होताच १८४४ च्या अटीप्रमाणे हक्क आपोआप संपला. इंग्लंडमधील खासगी पेढीच्या नोटांचा तो शेवट.

याचा धागा आपल्यापर्यंतही येतो. बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये निघाली आणि स्वतःच्या नोटा काढीत असे. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने, ज्याची घडण पीलच्या कायद्याच्याच वळणाची होती, बंगाल, मुंबई आणि मद्रास या तिन्ही इलाखा बँकांचा हा हक्क काढून घेतला आणि १ मार्च १८६२ पासून नोटा सरकारच्या झाल्या; रोख्यांच्या तारणावर काढायच्या नोटांना चार कोटी रुपयांची मर्यादा पडली. इथे मात्र वयोवृद्ध होण्याची सवलत नव्हती. मुंबईत त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला असे मला वाटते. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढले, शेअरांचा सट्टा झाला, १८६५ मध्ये तो कोसळला आणि जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. तिच्या स्वतःच्या नोटा तेव्हा बाजारात असत्या तर भागधारकांबरोबर भायखळ्याचा भाजीवालाही बुडाला असता.

आता तिसरा प्रश्न, या नोटा दिसत का नाहीत. उत्तर ऐकून नवे संग्राहक चक्रावतात. बाजारात गावठी पेढ्यांच्या नोटा पुष्कळ येतात, पण त्या बहुधा बुडालेल्या पेढ्यांच्या असतात. माझ्या एक पौंडाच्या नोटेच्या पाठीवर दिवाळखोरीच्या चौकशी मंडळाचे शिक्के आहेत: अमुक तारखेला दाखवली, पहिला हप्ता दिला, दुसरा हप्ता दिला. पौंडामागे काही शिलिंग हाती पडले आणि उरलेल्याच्या आशेने कोणीतरी तो कागद पेटीच्या तळाशी ठेवला, मग त्याच्या मुलाने, मग नातवाने. जी पेढी शेवटपर्यंत वचनाला जागली तिच्या नोटा लोकांनी वटवल्या. वटवलेल्या नोटांच्या सह्या कापल्या गेल्या, कागद जाळला गेला. पाच पौंड ही १९२१ मध्ये ठेवणीत विसरून जाण्याजोगी रक्कमही नव्हती. फॉक्स, फाउलरच्या उरलेल्या नोटा हाताच्या बोटांवर मोजता येतात, त्यांतली एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि हे तिच्या भरवशाचेच प्रमाणपत्र आहे. संग्राहकाच्या बाजारात प्रामाणिक पेढीची नोट महाग आणि बुडव्याची स्वस्त, असा हा उलटा न्याय आहे.

वाचकाने पुढे असेही विचारले आहे की हे सगळे आता पूर्ण इतिहासजमा झाले का. इंग्लंड-वेल्सपुरते झाले. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये तीन-तीन व्यापारी बँका आजही आपल्या नावाच्या नोटा काढतात, मात्र त्यांना त्याच्या बदल्यात बँक ऑफ इंग्लंडकडे जवळपास पुरेपूर तारण ठेवावे लागते. या तारणासाठी दहा लाख आणि दहा कोटी पौंडांच्या खास नोटा असतात, ज्या कधीच बाजारात येत नाहीत. स्कॉटलंडच्या त्या तिघींपैकी बँक ऑफ स्कॉटलंड सध्या लॉइड्सच्याच समूहात आहे, म्हणजे वेलिंग्टनची नोट जिच्या पोटात गेली तिच्याच घरात एडिंबरोची नोट अजून छापली जाते.

शेवटी व्यवहाराचे. कोणी तुम्हाला फॉक्स, फाउलरची नोट विकायला आणली तर किमतीआधी सहीची जागा पाहा. क्रमांक आणि सही दोन्ही कोरी असतील तर तो छापखान्याचा नमुना किंवा न वापरलेला कागद आहे. तो देखणा असू शकतो, पण तो कधी नोट झालाच नव्हता. सहीच्या जागी भोक किंवा कापलेला तुकडा असेल तर ती वटवून रद्द केलेली नोट आहे आणि तिची किंमत वेगळी. नोट मधोमध कापून पुन्हा चिकटवलेली दिसली तर मात्र घाबरू नका. टपालातल्या चोरीच्या भीतीने लोक नोटेचे दोन तुकडे करून पहिला पोहोचल्याचे पत्र आल्यावर दुसरा पाठवीत, आणि पेढीचा कारकून ते मागून कागदाची पट्टी लावून जोडून घेई. दोन्ही तुकड्यांवरचा क्रमांक एकच असेल, तर ती नोट खरोखर फिरलेली आहे.